कर्नेल बदलायचे, पण मुहूर्त कोणता?

मुंबई : रिझर्व्ह बँकेकडून २१ जून २०१८ रोजी निघालेल्या परिपत्रकाने बँकांना एक वेळापत्रक घालून दिले. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमला निर्मात्याचा आधार उरलेला नाही, अशी सिस्टीम एटीएममधून हटवायची होती. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के यंत्रे, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जूनपर्यंत सर्व. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजीच काढून घेतला होता. यंत्रे पैसे मोजून देत होती, तोवर त्यांना हात लावण्याची निकड अनेकांना भासली नाही.

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरबाबत हाच प्रश्न अधिक अवघड होतो. गिरगावातील पतसंस्था असो वा परळचे रुग्णालय, सर्व्हर लिनक्सवर असेल तर त्याचा गाभा, म्हणजे कर्नेल, कधी बदलायचा हे बहुधा संगणक सांभाळणाऱ्या एकट्यादुकट्या माणसालाच ठरवावे लागते. कर्नेलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यांपैकी वर्षाकाठी एखादीच दीर्घ मुदतीसाठी सांभाळली जाते. ऑक्टोबर २०१८ मधील ४.१९ ही आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये, तर नोव्हेंबर २०१९ मधील ५.४ ही डिसेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली.

तथापि, कार्यालये कर्नेल थेट मूळ प्रकल्पाकडून क्वचितच घेतात. ते रेड हॅट, डेबियन किंवा उबुंटू यांच्यामार्फत येते, आणि येथे आवृत्तीचा क्रमांक फसवतो. रेड हॅटची सातवी आवृत्ती जून २०१४ मध्ये ३.१० कर्नेल घेऊन आली आणि दहा वर्षे त्याच क्रमांकावर राहिली. २००७ पासून कर्नेलमध्ये दडलेली 'डर्टी काऊ' ही त्रुटी ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाली, तेव्हा तिची दुरुस्ती याच जुन्या ३.१० मध्ये आणून बसविण्यात आली. त्यामुळे निव्वळ क्रमांक पाहून 'कालबाह्य' असा शेरा मारणारा लेखापरीक्षक चुकतो. उलट, त्याच कुळातील सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतरही कोणाकडून दुरुस्त्या न घेता चाललेले ३.१० मात्र खरोखरच उघडे पडले.

घाई करणारेही सुटलेले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१ या स्थिर मालिकेतील एका दुरुस्तीमुळेच ईएक्सटी४ फाइलप्रणालीतील माहिती बिघडण्याचा धोका निर्माण झाला. डेबियनने १२.३ ही आवृत्ती रोखून धरली आणि १० डिसेंबर रोजी थेट १२.४ दिली. सेंटओएसची कथा तर याहून बोलकी आहे. आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल, असे गृहीत धरून काहींनी सातवी सोडली. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत अचानक ३१ डिसेंबर २०२१ वर आणण्यात आली. पुढे गेलेले आधी उघड्यावर आले आणि मागे राहिलेल्यांना आणखी अडीच वर्षे मिळाली!

म्हणून दोन निर्णय वेगळे ठेवणे इष्ट. सुरक्षेची दुरुस्ती एखाद्या दुय्यम यंत्रावर चालवून पाहून काही दिवसांतच घ्यावी. त्रुटीचा गैरवापर सुरू झाला असेल, तर तेवढेही थांबू नये. संपूर्ण मालिका बदलण्याचा विचार मात्र आधाराची मुदत वर्षभरावर आली असता, किंवा नवे हार्डवेअर जुन्या कर्नेलला ओळखता येत नसेल तेव्हाच करावा. मार्चअखेरीचे हिशेब सुरू असताना तो करू नये. भर गणपतीत लालबागचा रस्ता खोदायला कोणी शहाणा कंत्राटदार काढणार नाही. जुने कर्नेल सहसा बूट मेनूत राहते, त्यामुळे परतीची वाट खुली असते. खरी अडचण दुय्यम यंत्राची आहे. लहान संस्थेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद होणे कठीण, आणि मग चाचणी चालत्या सर्व्हरवरच होते.

शिवाय नवे कर्नेल डिस्कवर उतरले म्हणजे ते चालू झाले असे नव्हे. थेट दुरुस्तीची सोय घेतलेली नसेल, तर यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत जुनेच कर्नेल काम करीत राहते. वर्षभर बंद न पडलेला सर्व्हर अभिमानाने दाखविला जात असेल, तर त्यावर या क्षणी कोणते कर्नेल चालू आहे, एवढे संचालक मंडळाने अवश्य विचारावे.