'अचानक गेला' म्हणणं बंद करा

बीपीचा माणूस ब्रेन हॅमरेजने गेला की गावात दोनच वाक्यं ऐकू येतात. "काल तर चांगला बोलत होता" आणि "वरच्याची इच्छा". पेपरात छापून येतं, 'अचानक निधन'.

कसलं अचानक?

ब्रेन स्टेम म्हणजे मेंदूचा देठ. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, शुद्ध, सगळा कारभार एवढ्याशा जागेतून चालतो. तिथल्या रक्तवाहिन्या अगदी बारीक. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की त्या कमजोर होतात आणि एक दिवस फुटतात. या जागी ऑपरेशन बहुतेक वेळा शक्यच नसतं. फुटायला एक क्षण लागतो, पण तयारी कित्येक वर्षांची असते.

1945 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट बीपी प्रचंड वाढून मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. तेव्हा धड औषधच नव्हतं. आज अ‍ॅम्लोडिपिनची गोळी जनऔषधी केंद्रात कटिंग चहापेक्षा स्वस्त मिळते. तरी आपली माणसं मरतायत, राव!

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांना आणि 21 टक्के बायकांना उच्च रक्तदाब निघाला. म्हणजे गल्लीतलं जवळपास दर चौथं-पाचवं माणूस.

आणि आपण काय करतो? साहेबांच्या वाढदिवसाला शिबीर. बीपी मोजलं, फोटो काढला, हातात चिठ्ठी दिली, बॅनर उतरवला. पुढच्या महिन्यात त्या माणसाला कोण विचारतं? तो आरोग्य केंद्रात गेला आणि "गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकलं, की त्याचा एक रोज बुडाला. दोनदा असं झालं की तो येणं सोडतो. बीपी दुखत नाही, त्यामुळे गोळी सुटली तरी त्याला काही जाणवत नाही. मग आपणच म्हणायचं, "निष्काळजी होता."

काय करायचं ते सरकारला माहीत नाही असंही नाही. 2017 साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक औषधं, घराजवळ उपचार, गळालेल्या रुग्णाचा पाठपुरावा, सगळं कागदावर आहे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या केंद्रात बीपीच्या गोळ्यांचा साठा किती? रुग्णाला एकदम महिन्याच्या गोळ्या मिळतात का? मागच्या महिन्यात न आलेल्यांची यादी कुणाकडे आहे?

उत्तर मिळालं नाही तर कमेंटमध्ये लिहा. आणि घरात कुणाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका.