कणीस वेदीवर, चूल थंड

गेल्या वर्षी ८ सप्टेंबरला मिस्सा आटोपल्यावर आम्ही रिवाजाप्रमाणे धर्मग्रामातील काही घरी आशीर्वादाला गेलो. सकाळीच वेदीपुढे भाताच्या कोवळ्या कणसांवर आशीर्वाद झाला होता. मुलांनी नऊ दिवस मरियामातेच्या चरणी फुले वाहिली होती आणि प्रत्येक घराने एकेक कणीस मोठ्या भक्तीने घरी नेले होते. तिसऱ्या घरी पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. अल्तारावर कणीस होते, मेणबत्ती तेवत होती. स्वयंपाकघरात मात्र शेगडी स्वच्छ पुसून ठेवलेली. घरची सारी मंडळी बाहेरच्या कट्ट्यावर बसून रस्त्याकडे पाहात होती. कुणाची वाट पाहता, असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "फादर, टेम्पोची."

टेम्पो आला. चंदेरी झाकणांचे डबे उतरले. भात, पनीरची भाजी, गुलाबजाम. आम्हीही जेवलो, जेवण वाईट नव्हते. परंतु त्या ताटात त्या दिवसाचे असे काय होते? ते जेवण बारशाला चालले असते, साखरपुड्याला चालले असते, पतसंस्थेच्या वार्षिक सभेलाही चालले असते. नव्याच्या सणाला तेवढे ते चालायला नको होते.

या विषयावर प्रवचनात बोललो तर काही जण नाराज झाले. म्हणून आता लिहितो, आणि थोडे कठोर लिहितो.

नव्याचा सण हा आपल्या अनेक समाजांचा समान ठेवा आहे. वसईला आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन बांधवांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. गोव्यात ताळगावी ऑगस्टमध्येच कणसे कापतात. मंगळूरकडे ८ सप्टेंबरला मोंती फेस्त असते आणि त्या दिवशी घरोघरी केळीच्या पानावर शाकाहारी जेवण वाढले जाते. तारखा निरनिराळ्या, पण सणाची घडण एकच आहे: शेतातले पहिले फळ परमेश्वरापुढे ठेवायचे, आणि मग घरी येऊन एकत्र जेवायचे. या घडणीचा पूर्वार्ध आपण मोठ्या थाटाने पाळतो, आणि उत्तरार्ध कंत्राटाने देऊन टाकतो.

कुणी म्हणेल, खरा सण वेदीवर झाला, जेवण ही पुढची हौस. असे म्हणणाऱ्याने अनुवादाच्या ग्रंथाचा सव्विसावा अध्याय उघडून पाहावा. पहिल्या पिकाची टोपली याजकाच्या हाती दिली म्हणजे तेथे सारे संपत नाही. आपल्या घराण्यासह, लेव्यासह आणि आपल्यात राहणाऱ्या परक्यासह आनंद करावा, अशी आज्ञा त्यापुढेच आहे. टोपली आणि पंगत ही एकाच विधीची दोन अंगे आहेत. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती चर्च म्हटले. त्या चर्चमध्ये चूल हीही एक वेदीच नव्हे काय?

इतिहासही एक गोष्ट सांगतो. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या भागांतील आपल्या अनेक घराण्यांचे मूळ गोव्यात आहे. त्या गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. नवख्रिस्ती लोकांनी कोणत्या जुन्या चालीरीती सोडाव्यात याची ती लांबलचक यादी होती. तिच्यात भात आळणी शिजवून मागाहून मीठ घालण्यासही मनाई होती! आज हे वाचून हसू येते, आणि संतापही येतो. पण त्या कठोर माणसांना एक गोष्ट पक्की कळली होती की, माणसाचे माणूसपण आणि त्याच्या समाजाची ओळख त्याच्या भाताच्या भांड्यात असते. सत्तेच्या धाकालाही आपली चूल पुरती विझवता आली नाही. ते काम आता आपण स्वखुशीने, आगाऊ रक्कम भरून करीत आहोत.

त्यात आपण राहतो कोठे? आजऱ्यात. ज्या घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या गावात. बारीक दाणा, आणि भात शिजू लागला की शेजारच्या घरापर्यंत जाणारा वास. घनसाळ गरवा आहे, तो सप्टेंबरात तयार होत नाही. वेदीवर येतात ती हळव्या भाताची कणसे. म्हणून आपल्या जुन्या घरांत त्या दिवशी पातेल्यात गेल्या वर्षीचा घनसाळ असे, आणि नव्या कणसांचे दाणे मुलांनी नखांनी सोलून नारळाच्या रसातल्या खिरीत टाकलेले असत. जुने आणि नवे एका पंगतीला. आता घनसाळ विकला जातो आणि घरात दुकानचा तांदूळ येतो. चांगला भाव मिळाला तर शेतकऱ्याने विकू नये काय? जरूर विकावा, मुलांच्या फिया घनसाळच्या वासाने भरत नाहीत. आमचे मागणे पायलीभर तांदळाचे आहे. तेवढा सणासाठी बाजूला राहात नसेल, तर अडचण पैशाची नाही, आठवणीची आहे. (उसाने भाताची खाचरे गिळली, हेही खरे. वेदीवरच्या टोपलीतील कणसे हल्ली दोन-तीन शेतांतूनच येतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता सर्वांत सबळ आक्षेपाकडे वळतो. तो आम्हांला एका भगिनीने चर्चच्या पायऱ्यांवरच ऐकवला. ती म्हणाली, "फादर, तुमचं प्रवचन छान झालं. पण नारळ कोण खवणार? अळू कोण चिरणार? सान्नांचं पीठ रात्री कोण वाटणार? मी सकाळी नोकरीला जाते. सण म्हणजे माझ्या पाठीला शिक्षा. टेम्पो आल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण मिस्सा ऐकली."

आम्ही निरुत्तर झालो, हे प्रांजळपणे सांगतो. सेमिनरीत आमच्यापुढे ताट वाढून येई. पुढे धर्मग्रामांतही स्वयंपाकाला कुणीतरी असेच. नव्याच्या जेवणाचे गोडवे गाणाऱ्या या लेखणीने आयुष्यात एक नारळ खवलेला नाही. तेव्हा त्या भगिनीचा राग योग्य होता. पूर्वीच्या सणांविषयी आपण गहिवरून बोलतो, पण त्या सणाच्या दिवशी आपली आई जेवायला किती वाजता बसली होती, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

मात्र तिच्या प्रश्नातून निघालेला निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. एका स्त्रीवर अन्याय होत होता, म्हणून अन्याय तसाच ठेवून सणच उचलून टेम्पोवाल्याला द्यायचा, हा कोणता न्याय? ओझे जड होते ते एकटीने वाहिल्यामुळे. त्या घरी कट्ट्यावर बसून रस्त्याकडे पाहणारे चार पुरुष आम्ही स्वतः मोजले. त्यांत दोन महाविद्यालयात जाणारे. आठ हात रिकामे होते! योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय आपण दर पुनरुत्थानकाळात ऐकतो. रात्रभर जाळी टाकून थकलेले शिष्य किनाऱ्याला लागतात, तेव्हा तेथे कोळशांचा विस्तव पेटलेला असतो आणि त्यावर मासळी. ती न्याहारी कोणी रांधली होती? मृत्यूवर विजय मिळवून आलेल्या प्रभूला विस्तव फुंकण्यात कमीपणा वाटला नाही, आणि आमच्या तरुणांना विळीवर बसायची लाज वाटते.

मुंबईहून एका दिवसासाठी येणाऱ्यांचे म्हणणे असे की, एवढ्या थोड्या वेळात स्वयंपाक करीत बसायचे की माणसांशी बोलायचे? बंधूंनो, आपल्या घरांत माणसे बोलत होती ती स्वयंपाक करतानाच. हळदीच्या पानांवर पीठ थापून पातोळ्या दुमडताना आजीने जे सांगितले, ते ती दिवाणखान्यात खुर्चीवर बसवून सांगेल काय? टेम्पोतले जेवण वीस मिनिटांत संपते. नंतर जो तो आपापल्या फोनमध्ये डोके घालतो. हेही आम्ही पाहिले.

आणखी एक नुकसान आहे, त्याविषयी कुणी बोलत नाही. सप्टेंबरच्या आगेमागेच आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे गणपती-गौरी येतात. त्यांच्याकडून मोदक यायचे, आपल्याकडून पातोळ्या जायच्या. पातोळ्या त्यांच्याही घरी होतात, त्यामुळे कुणाचे सारण चांगले यावर दोन्ही अंगणांत चर्चा रंगे. गेल्या वर्षी त्या तिसऱ्या घरातून शेजारी काहीच गेले नाही. चंदेरी झाकणाचा डबा कुंपणापलीकडे कोण देणार? आपल्यात राहणाऱ्या परक्यासह आनंद करा, असे वचन सांगते. येथे तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्यालाच आपण परका करीत आहोत.

धर्मग्रामाच्या सभागृहात सर्वांसाठी एकच जेवण ठेवावे, अशी सूचना मंडळाच्या बैठकीत आली आहे. हेतू चांगला आहे. जे एकटे आहेत, वृद्ध आहेत, ज्यांच्या घरी शोक आहे, त्यांच्यासाठी आम्ही ते ठेवू. बाकीच्यांसाठी नाही. ज्याला घर आहे त्याने घरी रांधावे, आणि शक्यतो त्या एकट्यांपैकी एकाला आपल्या घरी न्यावे. पदार्थ सात हवेत असा आमचा हट्ट नाही. भात, एक अळूची भाजी आणि खीर एवढे झाले तरी पुरे, पण त्यावर घरातल्या प्रत्येकाचा हात फिरलेला असावा.

यंदा ८ सप्टेंबरला कणसे आम्ही घरातील पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या हाती देणार आहोत. त्यांनी ती घरी नेऊन अल्तारावर ठेवावी आणि तेथून थेट स्वयंपाकघरात जावे. आशीर्वादाला आम्ही या वेळी साडेबाराला येणार नाही. दहा वाजता येऊ, आणि कोण काय करीत आहे ते पाहू. आमच्या निवासातही त्या दिवशी आम्ही स्वतः भात लावणार आहोत. जुन्या घनसाळाला पाणी किती लागते ते आम्हांला ठाऊक नाही. पायऱ्यांवर रागावलेल्या त्या भगिनीच्या सासूबाईंनी येऊन दाखवायचे कबूल केले आहे. अट एवढीच की नारळ आम्ही खवायचा.