‘धर’ म्हणण्याआधी

मध्यंतरी आमच्या गल्लीत भरदुपारी घरफोडी झाली आणि तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय सुरू झाला. शेरूला ‘तयार’ करायचं! शेरू म्हणजे आमचा दीड वर्षाचा जर्मन शेफर्ड. चिरंजीवांनी मोबाइलवर कुत्र्यांच्या स्पर्धा पाहिलेल्या. जाड बाही घातलेला माणूस पळतो, कुत्रा झेप घेऊन त्याचा हात धरतो, लोक टाळ्या वाजवतात. ‘‘आई, आपला शेरूपण करेल हे. शिकवणारा मिळालाय.’’ ह्यांनीही मान डोलावली. मला कुणी विचारलंच नाही.

मैत्रिणींनो, शेरूला सकाळी फिरवते मी, भाकरी कुस्करून घालते मी, दूधवाला आला की पट्टा धरते मी. मुलगा कॉलेजात, हे नोकरीवर. निर्णय त्यांचा आणि साखळी माझ्या हातात! म्हटलं, आधी हे प्रकरण समजून तर घेऊ.

हा खेळ मूळचा जर्मनीतला. जर्मन शेफर्ड कामाला कितपत योग्य आहे, हे पारखायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही परीक्षा सुरू झाली. तिचं जुनं नाव शुट्झहुंड, आता तिला आयजीपी म्हणतात. तिचे तीन भाग असतात: वासावरून माग काढणं, आज्ञा पाळणं आणि संरक्षण. प्रत्येकाला १०० गुण. अठरा महिन्यांच्या आतला कुत्रा पहिल्या पायरीलाही चालत नाही. त्याआधी वेगळी परीक्षा असते. रस्त्यावर, माणसांत, सायकलींच्या वर्दळीत तो शांत राहतो का, हे त्यात बघतात. पुढे मैदानावर पिस्तुलाचे बार काढतात. आवाजाला घाबरून पळाला, तर तो बाद.

आणि संरक्षणाच्या भागात लपलेला माणूस सापडला आणि तो स्वस्थ उभा असला, तर कुत्र्याने नुसतं भुंकायचं, चावायचं नाही. धरायचं ते फक्त बाहीला. मालकाने ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. सांगूनही सोडलं नाही, तर कुत्रा स्पर्धेतून बाहेर. म्हणजे टाळ्या धरण्याला पडत असल्या, तरी खरी परीक्षा सोडण्याचीच!

मग मुलाबरोबर त्या शिकवणाऱ्याकडे गेले. एक कुत्रा झाडाला बांधलेला आणि दोघं जण त्याला गोणपाट आणि काठीने डिवचत होते. कुत्र्याची शेपटी पायात. विचारलं, ‘‘सोड म्हटल्यावर सोडतो का हा?’’ तर म्हणे, ‘‘ताई, ते नंतर बघू. आधी तिखट तर होऊ दे.’’

मला तिथेच उत्तर मिळालं. ते धाडस नव्हतं, भीती होती. घाबरलेला कुत्रा चोर कोण, पाहुणा कोण, हे बघत नाही. आमच्याकडे दर महिन्याला बचत गटाच्या बायका जमतात, सोबत त्यांची पोरं. भांडीवाल्या मावशींची नात अंगणातच खेळते. तिला शेरूचा दात लागला तर? जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा, लगेच इंजेक्शनासाठी पळा, मावशींचे खाडे... पोलीस केस वेगळीच. जनावराबाबत निष्काळजीपणा केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खेळाला मी नावं ठेवत नाही. अशा जातीच्या कुत्र्याला काम हवंच असतं. जाणता शिक्षक असेल, रोज वेळ देणारं माणूस असेल आणि कुत्रा मुळात धीट असेल, तर जरूर शिकवावं. आमचा शेरू मात्र दिवाळीत फटाके वाजले की दिवाणाखाली!

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, पण एकट्या बाईने दुपारी करायचं काय?’’ प्रश्न खरा आहे. पण गेटपाशी कुणी आलं की शेरू सगळी गल्ली उठवतो, ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. भुंकणं ऐकून शेजारणीने खिडकी उघडायची, एवढं आम्ही गल्लीतल्या बायकांनी ठरवून टाकलंय.

घरात मी स्पष्ट सांगितलं, वर्षभर फक्त चार शब्द: बस, थांब, ये, सोड. शिकवणार मी. मग बघू. मुलगा दोन दिवस रुसला. परवा शेरूने त्याची नवी चप्पल पळवली. मी म्हटलं, ‘‘सोड.’’ शेरूने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल खाली ठेवली. चिरंजीव बघतच राहिले!

तुमच्याही घरी हा विषय निघाला, तर आधी एवढंच विचारा, साखळी रोज कुणाच्या हातात राहणार? आणि तिला कुणी विचारलंय का?