खोत बदलला, खोती राहिली

जुलै २०२५ मध्ये घडलेल्या एका घटनेकडे आपल्या कार्यकर्त्यांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. गुजरातेत वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टचे भांडवल असल्यामुळे युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने तिची ई-मेल व इतर सेवा एकाएकी तोडली. भारत सरकारने असे कोणतेही निर्बंध घातलेले नव्हते. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. आज एका कारखान्याच्या बाबतीत जे घडले ते उद्या सरकारी कचेरीच्या बाबतीत घडणार नाही, याची हमी कोण देणार?

हा प्रश्न दिल्ली-मुंबईपुरता राहिलेला नाही. आमच्या मुरुडातील नारळी-पोफळीच्या वाडीचा सातबाराही आता संगणकातून निघतो. २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला. दप्तर तलाठ्याच्या पेटीत होते तेव्हा ते वाचायला अक्षरओळख पुरत होती. आज शासनाचे कोणतेही दप्तर उघडायला सॉफ्टवेअर लागते. आणि ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न जमिनीच्या मालकीइतकाच मूलभूत ठरतो.

सॉफ्टवेअर एकदा लिहिले गेले की त्याची दुसरी प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. तरीही दर यंत्रामागे, आणि अलीकडे दर साल, परवान्याचे पैसे मोजावे लागतात. यास किंमत म्हणण्यापेक्षा खंड म्हणणे अधिक यथार्थ होईल. १९४९ च्या कायद्याने ज्या कोकणातून खोती गेली, त्या कोकणाला खंड म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ लेखन सर्वांना खुले असते. कोणीही ते तपासावे, सुधारावे, वाटावे. देखभालीचा व प्रशिक्षणाचा खर्च तेथेही येतो. परंतु तो पैसा इथल्या तरुणांच्या श्रमाचे मोल म्हणून इथेच राहू शकतो.

समाजवाद्यांना ही लढाई अपरिचित नाही. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, भारतीय कंपनीतील आपला हिस्सा कमी करण्याची कायद्याची अट आयबीएमने मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये ती देश सोडून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने हाती घेतली. त्या वेळी प्रश्न यंत्राचा होता. आज तो यंत्राला चालविणाऱ्या आज्ञांचा आहे.

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोताला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. निविदेत त्याचा विचार व्हावा आणि तो वगळल्यास कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. मात्र राज्यांवर ते बंधनकारक नाही. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लक्षावधी तरुण शिकले, पण त्यांचा हात प्रामुख्याने एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बसला. सवय लावण्याचा खर्च गरिबांच्या मुलांनी सोसला आणि लाभ मक्तेदाराला झाला. केरळने नेमकी उलट वाट धरली. तेथील सार्वजनिक शाळांनी शिक्षकांना तयार करून, पाठ्यपुस्तके नव्याने लिहून संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले.

अलीकडे केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांची ई-मेल व्यवस्था झोहो या भारतीय कंपनीकडे सोपविली. स्वदेशीचे समाधान जरूर मानावे. परंतु मूळ लेखन कंपनीच्याच कपाटात राहणार असेल, तर खोत बदलला, खोती राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

या मार्गातील अडचणी लपविण्याचे कारण नाही. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये मुक्तस्रोताचा निर्णय घेतला. पुढे कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, महापौर बदलले आणि २०१७ मध्ये पालिकेने माघार घेण्याचे ठरविले. वरून काढलेले फर्मान कारकुनाच्या टेबलापर्यंत आपोआप पोचत नाही. कर्मचारी संघटनांना विश्वासात घेऊन, पुरेसे प्रशिक्षण देऊनच हे काम करावे लागेल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. जनतेच्या पैशातून लिहिलेले सॉफ्टवेअर जनतेला खुले असावे. केंद्राचे धोरण महाराष्ट्राने कायद्याच्या बळाने स्वीकारावे. शाळांत मुक्त सॉफ्टवेअर शिकवावे. आणि त्याआधी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकाराखाली एक साधा अर्ज करावा : या कार्यालयाने पाच वर्षांत सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर किती रुपये खर्च केले?

महर्षी कर्वे यांनी मुंबईत नोकरी करणाऱ्या मुरुडकरांच्या मिळकतीतला अल्पसा वाटा गोळा करून गावाच्या कामांसाठी ‘मुरुड फंड’ उभारला होता. प्रत्येकाने थोडे घालावे आणि जे उभे राहील ते सर्वांचे असावे, हा त्यामागील विचार. मुक्तस्रोताचे तत्त्व याहून वेगळे नाही.