दोनच संघ, तरी खेळ चालू

घरात पेपर आला की क्रीडापान पहिल्यांदा कोणाच्या हातात जातं, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. आपण बायका ते पान बहुधा डब्याखाली पसरायला वापरतो. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या पानावर आलेली एक बातमी मात्र मी दोनदा वाचली. कुरासाव नावाचं कॅरिबियन समुद्रातलं एक बेट २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरलं होतं. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. जमैकाच्या संघाला त्यांच्याच घरी, किंग्स्टनमध्ये, शून्य-शून्य असं रोखून त्यांनी ही मजल मारली. इतक्या कमी लोकसंख्येचा देश याआधी कधीच विश्वचषकाला पोचला नव्हता. आधीचा मान २०१८ मध्ये आइसलँडने मिळवला होता, आणि त्यांची लोकसंख्या कुरासावच्या दुपटीहून जास्त.

बातमी वाचून कौतुक वाटलंच. पण त्याच बातम्यांमध्ये आणखी एक गोष्ट होती. कुरासावच्या संघातले बहुतेक खेळाडू जन्मले आणि वाढले ते तिकडे नेदरलँड्समध्ये. आईबाप, आजीआजोबा बेटावरचे, म्हणून त्यांना त्या देशाकडून खेळता आलं. यात गैर काहीच नाही. बाहेरगावी गेलेली मुलं गावाचं नाव काढतात, तसंच हे. पण माझ्या डोक्यात प्रश्न आला तो वेगळाच. जे बेट सोडून गेले नाहीत त्यांचं काय? लहान जागेत, मोजक्या माणसांत, रोजच्या रोज खेळ कसा चालू राहतो? विश्वचषक चार वर्षांनी येतो, रविवार मात्र दर आठवड्याला येतो.

याचं उत्तर शोधायचं तर कुरासाव सोडून पार दुसऱ्या समुद्रात जावं लागतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून साधारण ४५ किलोमीटर आत, अटलांटिक महासागरात सिली नावाचा एक बेटांचा पुंजका आहे. पाच बेटांवर माणसं राहतात. सगळी मिळून किती? जेमतेम दोन हजारांच्या वर! त्यातली बहुतेक सेंट मेरीज या सगळ्यात मोठ्या बेटावर. आणि हे ‘मोठं’ बेट तरी केवढं, तर साडेसहा चौरस किलोमीटरचं. सायकलवर टांग मारली तर सकाळच्या चहापासून दुसऱ्या चहापर्यंत सगळं पाहून व्हावं.

या एवढ्याशा बेटावर फुटबॉलची रीतसर लीग आहे, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने मान्य केलेली. जगातली सर्वांत छोटी लीग म्हणून ती ओळखली जाते, कारण तिच्यात संघ आहेत फक्त दोन. एक गॅरिसन गनर्स, दुसरा वूलपॅक वाँडरर्स. दर रविवारी सकाळी हेच दोघे समोरासमोर. पुढच्या रविवारी पुन्हा हेच दोघे. अख्ख्या हंगामात पंधरा-वीस वेळा तीच तोंडं, तेच मैदान. वर दोन चषकांच्या स्पर्धाही आहेत, आणि त्यांच्या अंतिम सामन्यात कोण येणार हे अर्थातच आधीच ठरलेलं! वाचून हसू येतं ना? मलाही आलं होतं. पण नंतर वाटलं, अहो, हसण्यासारखं यात फार थोडं आहे, शिकण्यासारखंच जास्त आहे.

या क्लबांचा इतिहास थोडक्यात सांगते. पूर्वी तिथे बेटाबेटांमध्ये सामने होत, त्यासाठी लायोनेस नावाचा चषकही होता. पण छोट्या बेटांवरची वस्ती इतकी तुटपुंजी, की काही घरं उठली किंवा चार पोरं नोकरीला गेली की अकरा जण उभे करणंही मुश्कील. हळूहळू खेळ एकवटला तो सेंट मेरीजवर. तिथे रेंजर्स आणि रोव्हर्स असे दोन संघ उरले. १९८४ मध्ये त्यांनी आजची नावं घेतली, आणि ती घेतली आपल्या मातीतूनच. गॅरिसन म्हणजे गावाच्या डोक्यावरचा जुना तटबंदीचा भाग. तिथला ताऱ्याच्या आकाराचा किल्ला १५९३ सालचा, आता त्याचं हॉटेल झालंय. वूलपॅक हे त्याच तटबंदीतल्या एका टोकाचं नाव. खेळायचं मैदानही तिथेच. थोडक्यात, दोन्ही संघांची नावं एकाच टेकडीवरची. भांडायचं तरी कशावरून?

आता यातली खरी मेख बघा. या दोन संघांत खेळाडू कायमचे वाटलेले नाहीत. हंगाम सुरू होताना दोन्ही कर्णधार बसतात आणि उपलब्ध खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक जण निवडतात. आपण लहानपणी लंगडी किंवा लगोरी खेळताना ‘एक माझा, एक तुझा’ करत गडी वाटून घ्यायचो, अगदी तस्सं. गेल्या वर्षी तुमच्या बाजूचा गोलरक्षक यंदा समोरच्या बाजूला असू शकतो. मुख्य भूमीवरून एखादा पाहुणा संघ आला की दोन्ही संघ मिळून एक होतात, आणि तो परत गेला की पुन्हा आपापल्या रंगाचे शर्ट चढवतात.

ही साधी वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. विचार करा, यातला एक संघ वर्षानुवर्षं जिंकतच राहिला तर काय होईल? हरणारे कंटाळून घरी बसतील. आणि ते घरी बसले की जिंकणाऱ्यांनी खेळायचं कोणाशी? जिथे दोनच संघ आहेत, तिथे समोरच्याला धडधाकट ठेवणं ही आपलीच गरज असते. मोठ्या शहरात एक प्रतिस्पर्धी गेला तर दुसरा मिळतो. लहान गावात समोरचा संपला की आपणही संपलो.

दुसरं असं, की दरवर्षी गडी नव्याने वाटल्यामुळे तट पडत नाहीत. ‘आमचं घराणं गनर्सचं, तुमचं वाँडरर्सचं’ अशी पिढीजात भिंत उभी राहायला वेळच मिळत नाही. ज्याच्याशी रविवारी सकाळी धक्काबुक्की झाली, त्याच्याच दुकानात सोमवारी पाव घ्यायला जायचं असतं. दोन हजारांच्या वस्तीत रुसून जाणार कुठे?

मैत्रिणींनो, सामाजिक कामाच्या निमित्ताने गेली काही वर्षं मी लहान गावांतली महिला मंडळं, भजनी मंडळं, बचत गट जवळून बघते. पैसे नाहीत म्हणून बंद पडलेलं मंडळ मला क्वचितच दिसलं. बंद पडतात ती गटबाजीने. हळदीकुंकवाला कोणाला आधी बोलावलं, अध्यक्षपद कोणत्या गल्लीत गेलं, एवढ्यावरून एका मंडळाची दोन होतात. आणि मग दोन्हीकडे सतरंज्या घालायलाही माणूस उरत नाही. मंडळ मोडताना प्रत्येकीला वाटतं की आपण जिंकलो. सिलीच्या लोकांनी यावर काढलेला तोडगा बिनखर्चाचा आहे. दरवर्षी गडी पुन्हा वाटून घ्या. पदं फिरवा, कामं फिरवा, कालची ‘पलीकडची’ आज आपल्या बाजूला घ्या.

तिसरी गोष्ट पोटापाण्याची. या बेटांचं मुख्य उत्पन्न पर्यटनाचं. उन्हाळ्यात पाहुण्यांची रीघ लागते, तेव्हा खानावळी, होड्या, राहायच्या खोल्या यांतून कोणाला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात. हिवाळ्यात तिथे नार्सिसस जातीच्या सुगंधी फुलांची शेती चालते. तिकडची हवा बाकीच्या इंग्लंडपेक्षा उबदार, त्यामुळे ही फुलं लवकर येतात आणि मुख्य भूमीवर विकायला पाठवली जातात. फुलं खुडणारे, होड्या चालवणारे, गवंडीकाम करणारे, दुकान सांभाळणारे, असे कामकरी लोकच रविवारी सकाळी बूट चढवतात. मानधन नाही, बढती नाही, वरच्या लीगमध्ये जाण्याचा प्रश्नच नाही. मुख्य भूमीवरून येणारी प्रवासी बोट साधारण मार्च ते नोव्हेंबर एवढीच चालते. बाकीचे महिने विमान किंवा हेलिकॉप्टर, तेही वारा-धुकं राजी असेल तर. अशा दिवसांत, जेव्हा बाहेरचं कोणी येत नाही, तेव्हा रविवारचा सामना म्हणजे एकमेकांची तोंडं बघण्याचं हक्काचं ठिकाण.

पण सगळं गोडच आहे असं समजू नका. बेटांवर शाळा आहे ती सोळाव्या वर्षापर्यंतच. पुढचं शिकायचं तर समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर जायचं, तिथे राहायचं. म्हणजे पोरगं अंगापिंडाने खेळायच्या वयाचं झालं की नेमकं तेव्हाच ते बेट सोडतं. शिकून परत यावं म्हटलं तर राहायला घर कुठाय? तिथली बरीचशी जमीन ‘डची ऑफ कॉर्नवॉल’ या राजघराण्याच्या वारसदाराच्या जहागिरीची. त्यात सुट्टीपुरती वापरायची घरं, पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं. घरांच्या किमती आणि भाडी तरुण जोडप्याच्या आवाक्याबाहेर. तेव्हा या दोन संघांपुढे खरा प्रतिस्पर्धी कोण? गोल मारणारा समोरचा गडी नव्हेच, तर मुलांना घेऊन जाणारी ती बोट.

हे वाचताना आपल्या कोकणातली कुलूपबंद घरं डोळ्यांपुढे येतात की नाही? गाव रिकामं होतंय हे जनगणनेच्या आकड्यांत कळायला दहा वर्षं लागतात. मैदानावर ते पुढच्याच रविवारी कळतं, अकराच्या जागी नऊच जण उभे राहतात तेव्हा. म्हणून अशा हौशी क्लबांकडे ‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ म्हणून बघू नये. गावाची नाडी तिथे हाताला लागते.

२००८ मध्ये या बेटाचं नशीब एकदम उजळल्यासारखं झालं होतं. आदिदास कंपनीने आपल्या जाहिरातीसाठी हीच लीग निवडली आणि डेव्हिड बेकहॅम, स्टीव्हन जेरार्ड यांच्यासारखे जगप्रसिद्ध खेळाडू त्या जाहिरातीत या बेटकऱ्यांबरोबर झळकले. जगभर नाव झालं. पण कॅमेरे गेले, पाहुणे गेले, आणि रविवारी मैदानात उतरायला पुन्हा तीच गावातली माणसं होती. प्रसिद्धीने क्लबला ओळख मिळते. अकरावा गडी मात्र गावातूनच यावा लागतो.

आता आपल्या पानाचा प्रश्न. यात बायका कुठे? इंग्लंडमध्ये बायकांचा फुटबॉल एके काळी भलताच लोकप्रिय होता. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला ‘डिक, केर लेडीज’ या कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. त्यानंतर वर्षही उलटलं नाही, तोच ५ डिसेंबर १९२१ ला फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, आपल्या क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ही बंदी सुमारे ५० वर्षं टिकली. खेळाला थेट बंदी घातली नाही बरं का, फक्त मैदान काढून घेतलं. बाईला घरी बसवायला तेवढं पुरतं. त्याच इंग्लंडच्या महिला संघाने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये युरोपचं विजेतेपद पटकावलं. मधली ती ५० वर्षं जर वाया गेली नसती तर?

सिलीमध्येच दुसरा एक खेळ आहे, गिग नावाच्या लांब होड्या वल्हवण्याचा. सहा जण वल्ही मारतात, एक जण सुकाणू धरतो. पूर्वी मोठ्या जहाजांना वाट दाखवणारे वाटाडे या होड्यांतून जात, खडकांवर फुटलेल्या जहाजांतली माणसंही यांनीच वाचवली. आज उन्हाळ्यात बेटांवर बुधवारी संध्याकाळी बायकांची शर्यत असते आणि शुक्रवारी पुरुषांची. १९९० पासून तिथे दरवर्षी जी मोठी स्पर्धा भरते, तिच्यातही बायकांचे संघ उतरतात. याचं कारण मला अगदी व्यवहारी वाटतं. मुळात माणसं दोन हजार. त्यातल्या निम्म्यांना काठावर बसवून ठेवण्याची चैन परवडणार कोणाला?

ती आपल्या लहान गावांनाही परवडत नाही, फक्त ते आपल्या लक्षात येत नाही. गावातलं मैदान संध्याकाळी कोणाचं असतं, ते एकदा सहज नजर टाकून बघा. मुलगी नववीत गेली की ‘आता पुरे’ असं तिला कोण सांगतं? पुष्कळदा आपणच. आणि मुलाच्या रविवारच्या सामन्यासाठी डबा, धुतलेले मोजे, घरी सांभाळलेलं धाकटं भावंड, हे कोण बघतं? तेही आपणच. म्हणजे खेळ चालू ठेवण्यात आपला वाटा आहेच, मैदानावर तेवढा नाही.

कुरासावचं कौतुक करूच या. पण विश्वचषकाला जाणं प्रत्येक गावाच्या नशिबी नसतं, आणि तसं जायची गरजही नसते. पंचवीस-तीस माणसं, एक सपाट जागा, ठरलेली वेळ, आणि समोरच्याला हरवतानाही तो पुढच्या रविवारी यायला हवा एवढं भान, यावर एका बेटाने आपला खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे. तुमच्या गावात, तुमच्या मंडळात, बचत गटात यंदा नवी कार्यकारिणी निवडायची असेल, तर एकदा ‘एक माझा, एक तुझा’ करून बघा. आणि गडी वाटताना मुलींची नावंही चिठ्ठीत घाला.