इंजिनाचे टॉनिक आणि घरचा हिशोब



आपल्या वस्त्यांतून टेम्पो, पिकअप, ट्रक, ट्रॅक्टर चालविणारे बांधव पुष्कळ आहेत. कोणाची गाडी स्वतःची, हप्त्यावर घेतलेली. कोणी मालकाकडे पगारावर. गाडी रस्त्यावर राहिली तरच या घरांची चूल पेटते. या बांधवांना एक प्रश्न नेहमी पडतो. स्पेअर पार्टच्या दुकानात आणि पंपावर लहान लहान बाटल्या विकायला ठेवलेल्या असतात. काही डिझेलमध्ये ओतायच्या, काही इंजिन ऑइलमध्ये. अ‍ॅव्हरेज वाढेल, धूर बंद होईल, इंजिन नव्यासारखे होईल, असे त्यांवर लिहिलेले असते. ही टॉनिके घ्यावीत की नाही?

आमचे उत्तर आधीच सांगतो. चांगल्या इंजिनाला या बाटलीची गरज नसते आणि झिजलेले इंजिन तिने दुरुस्त होत नाही. हे असे का, ते आता पाहू.

प्रथम इंजिन ऑइल घेऊ. आपण जो डबा विकत आणतो त्यात नुसते तेल नसते. काजळी धुऊन काढणारे, ती तेलातच तरंगत ठेवणारे, धातूची झीज रोखणारे, फेस न होऊ देणारे अशी द्रव्ये कंपनीने ठरावीक प्रमाणात आधीच घातलेली असतात. ते मिश्रण इंजिनावर चालवून तपासलेले असते. त्यात आपण बाहेरची बाटली ओतली की ते प्रमाण बिघडते. आमटीत मीठ बरोबर पडले असताना आणखी मूठभर टाकल्यासारखेच ते आहे.

अमेरिकेतील एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. ‘स्लिक 50’ नावाचे इंजिन ऑइलमध्ये टाकायचे द्रव्य तिकडे फार खपत होते. सुरू होताना इंजिनाला तेलाचे संरक्षण नसते, ते आम्ही देतो, अशी त्याची जाहिरात होती. 1996 साली तेथील सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने या जाहिरातींना हरकत घेतली. साध्या, योग्य ऑइलनेच बहुतेक इंजिनांचे पुरेसे संरक्षण होते आणि झीज कमी होते या दाव्याला पुरावा नाही, असे कमिशनचे म्हणणे होते. 1997 साली कंपनीला तडजोड करून असे दावे थांबवावे लागले. शिकल्यासवरल्या देशातही छापील अक्षरावर माणसे भुलतात, हे यावरून दिसते.

आता डिझेलकडे वळू. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज-6 चे डिझेल मिळते. आधीच्या डिझेलात गंधक दहा लाख भागांत 50 भागांपर्यंत चालत असे, आता मर्यादा 10 भागांची आहे. गंधक काढताना डिझेलचा मूळचा बुळबुळीतपणाही कमी होतो, आणि डिझेल पंप व नोझल यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. म्हणून “नव्या डिझेलात दम नाही, बाटली टाका” असे काही जण सांगतात. यातली अर्धी गोष्ट खरी आहे. पण वंगण किती हवे याची मर्यादा सरकारी मानकातच घातलेली आहे, आणि ती पाळण्यासाठी लागणारे द्रव्य रिफायनरीतच मिसळतात. पंपावरचे शुद्ध डिझेल घेणाऱ्याने तेच पुन्हा विकत घेण्याचे कारण नाही.

नोझल साफ करणारी काही द्रव्ये खरोखरच थोडीफार कचकड धुतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण झिजलेली नोझल त्यांनी भरून येत नाही. ती फिटरकडे नेऊन तपासूनच घ्यावी लागते.

डिझेलात रॉकेल मिसळणे तर सर्वांत वाईट. स्वस्त पडते म्हणून काही जण ते करतात. रॉकेलला वंगण कमी, त्यामुळे पंप आणि नोझल लवकर झिजतात. शिवाय भेसळ हा कायद्याने गुन्हा आहे. डिझेलात टू-स्ट्रोकचे ऑइल टाकण्याची जुनी सवयही सोडावी. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडविणारा फिल्टर असतो. काजळी जळून जाते, पण अशा ऑइलची राख त्यात साठत राहते. तो फिल्टर बदलण्याचा खर्च गरिबाला झेपणारा नाही.

गाडी काय सांगते ते तिच्या धुरावरून ओळखावे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहावा, मग नोझल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हकडचे काम निघाले आहे. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येतो. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे. निळ्या धुरावर घट्ट बाटली ओतली की धूर काही दिवस दबतो. विकणारा तेवढ्यात गाडी विकून मोकळा होतो आणि काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. जुनी गाडी घेताना हे ध्यानात ठेवावे.

सगळ्याच बाटल्या फसव्या आहेत असेही नाही. बऱ्याच नव्या गाड्यांना ‘डीईएफ’ नावाचे द्रव लागते. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. ते टॉनिक नव्हे, ते टाळून चालत नाही. त्याची टाकी वेगळी असते. चुकून ते डिझेलच्या टाकीत पडले तर गाडी सुरू न करता मेस्त्रीला बोलवावे. कडक थंडीत डिझेलमधील मेण गोठते, तेथेही उपाय लागतो. 2019 साली इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल काढले ते त्यासाठीच. आपल्याकडच्या थंडीला त्याची गरज नाही.

तरीही कोणाला बाटली आजमावायची असेल तर वहीत आजमावावी. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा, किती लिटर बसले ते लिहा. बाटलीशिवाय तीन टाक्या, बाटलीसह तीन टाक्या. एका टाकीवरून काही ठरत नाही, कारण माल, घाट आणि गर्दी यांनीच अ‍ॅव्हरेज खालीवर होते. घरातला सातवी-आठवीचा मुलगा किंवा मुलगी हा भागाकार सहज करील.

हिशोब कसा बसतो पाहा. समजा गाडी महिन्याला 2,000 किलोमीटर धावते आणि लिटरला 12 किलोमीटर देते. तिला सुमारे 167 लिटर डिझेल लागते. बाटलीने अ‍ॅव्हरेज साडेबारा झाले असे मानले तर 160 लिटर लागेल. वाचले 7 लिटर. टाकी 55 लिटरची आणि दर टाकीला एक बाटली, म्हणजे महिन्याला तीन बाटल्या. तीन बाटल्यांची किंमत 7 लिटर डिझेलपेक्षा जास्त असेल, तर विकणाऱ्याचे बोलणे खरे निघूनही तोटा आपलाच.

त्याच पैशांत काय होते? ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलता येतात. टायरमध्ये हवा बरोबर राहते. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच घ्यावे आणि रिकामा डबा भोक पाडून टाकावा, म्हणजे त्यात बनावट तेल भरून कोणी विकणार नाही. वॉरंटीतल्या गाडीत पुस्तिकेत मना केलेले द्रव्य टाकले, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

पगारावर गाडी चालविणाऱ्या बांधवांना एक वेगळे सांगणे आहे. मालकाने बाटली टाकायला सांगितली तर तारीख, किलोमीटर आणि बाटलीचे नाव वहीत लिहून ठेवा. उद्या इंजिनाचे काम निघाले की बोट प्रथम ड्रायव्हरकडे वळते आणि पैसे त्याच्या पगारातून कापले जातात. त्या दिवशी तोंडी शब्द कोणी ऐकत नाही, लिहिलेले पान उपयोगी पडते. चार आण्यांची पेन्सिल म्हणत होतो, आता पाच रुपयांचे पेन म्हणू. तेवढे गाडीच्या खणात कायम असू द्यावे.