विजेची मोटार कोणाच्या खर्चाने?

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या धंद्यात सध्या मोठी चुरस लागली आहे. २०२३-२४ साली ह्या बाजारपेठेतील सत्तर टक्क्यांहून अधिक हिस्सा एकट्या टाटांच्या हाती होता. पुढल्याच वर्षी तो बराच घसरला. एमजीने बॅटरी भाड्याने देण्याची युक्ती काढली, महिंद्रांनी चाकणला नव्या मोटारी बांधल्या, आणि २०२५ च्या जुलैत अमेरिकेच्या टेस्लाने मुंबईत दुकान थाटले. नंदुरबार जिल्ह्यात मोटारींचा एकही कारखाना नाही आणि ह्या मोटारी परवडतील अशी घरेही थोडीच. तरीही ह्या स्पर्धेचा जमाखर्च नंदुरबारमधून मांडल्यावाचून पुरा होत नाही.

मोटारीला वीज लागते. सरदार सरोवराच्या वीजगृहांची क्षमता १,४५० मेगावॉट असून त्या विजेचा सत्तावीस टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. त्यापायी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बुडिताच्या छायेत गेली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचले. कोणत्या धरणाची वीज कोणत्या मोटारीत जाते हे तारांवरून ओळखता येत नाही, हे खरे. परंतु विजेसाठी गाव कोणी दिले आणि वीज कोण वापरतो, हे ओळखण्यास तारांची गरज नाही. सातपुड्यातील अनेक पाड्यांवर वीज उशिरा पोचली व अजूनही ती बेभरवशाची आहे. तेथील रुग्णाला आजही बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

आता सवलतींची यादी पाहावी. विजेच्या मोटारीवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे, मग तिची किंमत आठ लाख असो वा साठ लाख. धडगावचा शेतकरी घेतो त्या पेट्रोलच्या साध्या मोटारसायकलीवर मात्र, २०२५ च्या सप्टेंबरात दर उतरल्यानंतरही, अठरा टक्के. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना आणि बसगाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे पथकर माफ केला. ह्यांतला एकही मार्ग नंदुरबार जिल्ह्यातून जात नाही. २०२५ च्या मार्चमधील अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवण्यात आला होता. त्याच महिन्यात, तो आकारला जाणार नाही, अशी घोषणा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत केली. ज्यांना सूट मागावी लागत नाही त्यांना ती इतक्या त्वरेने मिळते!

कारखानदार म्हणतात, आमच्याही अडचणी आहेत. त्या खोट्या नाहीत. मोटारीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा. तिच्यातील सेल बहुतांशी चीनमधून येतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा पुण्याच्या बजाजसारख्या बड्या कंपनीलाही उत्पादनाची चिंता पडली. सेल देशात बनावेत म्हणून केंद्राने २०२१ साली १८,१०० कोटी रुपयांची आणि वाहन उद्योगासाठी २५,९३८ कोटींची प्रोत्साहन योजना जाहीर केली. सेलनिर्मितीचे काम मात्र ठरल्या वेळेच्या फार मागे राहिले. बॅटरीचा भाव परदेशात ठरू लागला की खर्चाची कात्री कोठे चालते, हे कामगाराला सांगावे लागत नाही. शिवाय ह्या मोटारीत इंजिन नाही आणि गिअरबॉक्स नावापुरती. ते भाग घडवणाऱ्या पुण्या-नाशकाच्या लहान कारखान्यांचे भवितव्य टांगणीला लागले आहे.

तळेगावचा अनुभव ताजा आहे. जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरात तेथील उत्पादन थांबवले. चीनच्या ग्रेट वॉलशी झालेला व्यवहार फिसकटला आणि अखेर ह्युंदाईने कारखाना घेतला. जमीन व यंत्रे नव्या मालकाकडे गेली. कामगारांच्या वाट्याला दीर्घ लढा आला. यंत्राला जी हमी मिळाली ती माणसाला मिळाली नाही.

कोणी म्हणेल, आरंभी श्रीमंतांनीच मोटारी घ्याव्या लागतात. खप वाढला की किमती उतरतात आणि शहरांतील धूरही घटतो. ह्यात तथ्य आहे. पण मग सवलत स्वस्त गाडीला आणि सार्वजनिक गाडीला हवी. टेस्लावर आयातशुल्क जबर आहे. तरी साठ लाखांच्या गाडीला करसवलत देऊन गरिबाची गाडी स्वस्त होत नाही.

सार्वजनिक गाडीचे काय झाले? एसटी महामंडळाने ५,१५० विजेच्या बसगाड्यांसाठी एका खासगी कंपनीशी करार केला. बसगाड्या वेळेवर आल्या नाहीत, तेव्हा २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना करार रद्द करण्याचे आदेश द्यावे लागले. मोटारींच्या दुकानांत वाण निवडायला वेळ पुरत नाही आणि मोलगीच्या थांब्यावर माणसे एसटीची वाट पाहतात. बाजारातील स्पर्धा पैसेवाल्याच्या दारात पोचते. डोंगरापलीकडे ती जात नाही.

म्हणून विजेच्या गाडीला विरोध करण्याचे कारण नाही. तिचा क्रम बदलण्याचे आहे. तीस लाखांवरील मोटारींच्या सवलती बंद कराव्यात आणि तो पैसा एसटी, रुग्णवाहिका व सातपुड्यातील रस्ते यांकडे वळवावा. प्रोत्साहनाची रक्कम घेणाऱ्या प्रत्येक कंपनीवर कायम नोकऱ्यांची अट असावी आणि मालक बदलला तरी ती अट टिकावी. बॅटरीदुरुस्तीचे प्रशिक्षण व लहान कारखाने नंदुरबार-नवापूरच्या औद्योगिक वसाहतींत यावेत, म्हणजे ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या तरुणांपैकी काहींना तरी जिल्ह्यात काम मिळेल.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभांत आणि एसटीच्या आगारांत न्यावा. ज्यांची गावे विजेसाठी बुडाली, त्यांच्या दाराशी विजेची पहिली बस का येऊ नये, एवढेच सरकारला विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.